ब्लॉक नंबर ३१७

चरबीचा ब्लॉक सरळ कापला जात नाही.
मेण धरून ठेवतं, चरबी निसटते,
पात्याखाली पापुद्रा चुरगळतो.
कंपूतल्या आमच्या लॅबमध्ये डिसेंबरात बर्फ लागत नाही,
खिडकीच्या कठड्यावर ठेवला ब्लॉक
की दहा मिनिटांत दगड.
सव्वीस वर्षं हेच करते आहे.
चाक फिरवून फिरवून उजवा खांदा गेला.
लग्नाकार्यात कोणी विचारलं तर सांगते,
मेणबत्त्यांच्या कारखान्यात आहे.

३१७ : स्त्री, ४४. पित्ताशय काढलं
तेव्हा सोबत आलेला वपेचा तुकडा, दोन बोटांएवढा.
फॉर्मवर नाव वाचलं. शरयू घोरपडे.
वीज कार्यालयात तक्रारखिडकीवर बसते ती.
मीच ओरडले होते तिच्यावर एकदा, जूनमध्ये.
सतरा तास लाइट नव्हते
आणि ती आपली सारखी, जी, लिख लिया है.

काचेवर चरबी दिसत नाही.
झायलीनमध्ये ती केव्हाच विरघळून गेलेली असते,
उरतात नुसत्या भिंती,
पांढरी घरं, एकाला एक लागून,
माश्या उठून गेलेलं पोळं.
हिची घरं फार मोठी झालेली.
एकेक पेशी फुटेस्तोवर ताणलेली,
मधून जाणारी रक्ताची केसाएवढी वाट दबलेली,
आणि कुठेकुठे एखादी पेशी मेलेली.
तिच्याभोवती जांभळे ठिपके गोल करून बसलेत,
कोणी गेल्यावर शेजारीपाजारी ओट्यावर बसतात तसे.
पुस्तकात याला मुकुट म्हणतात.
पुस्तक लिहिणाऱ्यानं सुतक पाहिलेलं नसावं.

मॅडमनी खाली पेन्सिलनं लिहिलंय:
कॉर्टिसॉल तपासावं.

कॉर्टिसॉल म्हणजे दवंडी.
परचक्र येतंय हो, परचक्र येतंय.
ती पिटली की खालच्या वस्त्यांतलं धान्य
पोत्यापोत्यानं गडावर चढवायचं,
दंडातलं, मांड्यांतलं, पिंढऱ्यांतलं
आणून पोटात कोंडायचं.
धुकं नसलं की किल्ला दिसतो मला खिडकीतून.
त्यानं खरे वेढे पाहिले,
उठलेलेही पाहिले.
शरयूचा उठत नाही.
दिवसाला दोनशे माणसं काचेपलीकडे,
रात्री अडीचला ऑफिसचा मोबाइल,
कोट्याला मुलाची फी,
आणि दवंडीवाला थांबायचं विसरलेला.

वाईट पुढेच आहे.
कोठार भरलं
की कोठारच दवंडी पिटू लागतं.
निजलेलं संप्रेरक चरबी स्वतःच जागं करते,
आपल्याच भिंतींआड, कोणाला न विचारता.
मग बाहेर शत्रू असो नसो.

काल ती आली रिपोर्ट विचारायला.
चेहरा गोल, दंड काड्या,
ब्लाउजच्या बाह्या ढगळ
आणि हुकं तुटायला आलेली.
“मी एकच वेळ जेवते हो,” न विचारताच म्हणाली,
म्हणजे विचारून झालं असणार पुष्कळांचं.
मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.
तेवढंच म्हणायची मुभा आहे मला.
आमच्या कागदावर रकाने असतात:
आकार, रंग, पेशी, निदान.
जूनमधल्या माझ्या ओरडण्याला रकाना नाही.
ते तिला सांगावंसं वाटलं.
तिनं मला ओळखलंच नव्हतं,
दोनशेतली एक मी.

पर्समध्ये फोन वाजला.
ती वाकली, चाचपू लागली,
मानेमागे, पदराच्या वर, उंचवटा दिसला
मुठीएवढा.
“जी,” ती म्हणाली, “जी, कौन सा मोहल्ला?”
आणि माझ्याच टेबलावरचं पेन उचलून
माझ्याच फॉर्मच्या पाठीवर
लिहून घेऊ लागली.